खेळाचा कोणता शेवट खरा?

१९९६ साली कॅपकॉम या जपानी कंपनीने काढलेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूला सुरुवातीलाच ख्रिस किंवा जिल या पात्रांपैकी एकाची निवड करावी लागते. ख्रिसला घेऊन खेळणाऱ्याला रिबेकाची साथ मिळते आणि बॅरी बेपत्ताच राहतो. जिलला घेऊन खेळणाऱ्याला बॅरी भेटतो, पण रिबेका दिसतच नाही. मालिकेच्या पुढील कथेत मात्र हा गेम जिथे घडतो त्या हवेलीतून हे चौघेही जिवंत सुटले, असे गृहीत धरलेले आहे. कंपनीने खरा मानलेला हा शेवट मूळ गेम कितीही वेळा खेळला तरी कोणाच्याच पडद्यावर येत नाही.

मालिकेच्या कथेतील अधिकृत भागाला गेमर मंडळी ‘कॅनन’ म्हणतात. नागपुरात सीताबर्डीपासून म्हाळगीनगरपर्यंत, जिथे जिथे ही मंडळी जमतात तिथे तिथे, या कॅननवरून हमरीतुमरी होते. “रात्रभर बसून मी संपवला ना बे, मग माझाच शेवट खोटा कसा?” हा प्रश्न वरवर पोरकट वाटला, तरी त्याचे उत्तर सोपे नाही.

निन्टेन्डोची ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ ही मालिका १९८६ साली सुरू झाली आणि तिच्यातील गेमचा कालक्रम काय, हे कंपनीने पंचवीस वर्षे सविस्तरपणे सांगितलेच नाही. डिसेंबर २०११ मध्ये जपानमध्ये निघालेल्या ‘हायरूल हिस्टोरिया’ या पुस्तकात तो प्रथमच छापला गेला. त्यानुसार १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’नंतर इतिहासाला तीन फाटे फुटतात. दोन फाटे त्या गेमच्या शेवटातूनच निघतात. तिसरा फाटा मात्र नायक हा खलनायक गॅननकडून हरला, असे मानून निघतो. असा शेवट गेममध्ये कुठेच सांगितलेला नाही. तिथे हरणे म्हणजे ‘गेम ओव्हर’ आणि पुन्हा सुरुवात, एवढेच. तरीही १९८६ चा पहिला गेम याच फाट्यावर बसवलेला आहे. फिलिप्सने परवान्याखाली १९९० च्या दशकात काढलेल्या तीन झेल्डा गेमना या कालक्रमात जागाच नाही, आणि त्याबद्दल फारशी हळहळही कोणी व्यक्त केलेली नाही.

पाठ कोणता खरा मानावा, हा प्रश्न विदर्भाला नवा नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा करून रिद्धपूरला ‘लीळाचरित्र’ रचले. मूळ पोथी पुढे परचक्रात नाहीशी झाली, ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला आणि त्याचे अनेक पाठ झाले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १९७८ साली प्रसिद्ध झाली. अशा संपादकाला हरवलेल्या एका मूळ पाठाच्या जवळ जायचे असते. गेममध्ये हरवलेले असे काहीच नसते, कारण प्रत्येक शेवट निर्मात्यांनीच लिहून ठेवलेला असतो आणि म्हणून मूळ या नात्याने सगळेच समान ठरतात.

बेथेस्डा या कंपनीने आपल्या १९९६ च्या ‘डॅगरफॉल’ या गेमबाबत हेच शब्दशः खरे मानले. एका महाकाय यंत्राचा ताबा कोणाकडे द्यायचा, यावर त्या गेमचे वेगवेगळे शेवट अवलंबून होते. पुढील गेमनी काळच तुटला असे सांगून ते सर्व एकदमच घडवून आणले आणि अनेक छोट्या राज्यांच्या जागी चारच उरवली. ही युक्ती चतुर आहे, पण सगळेच घडले म्हटल्यावर खेळाडूने केलेल्या निवडीला वजन उरत नाही, हेही मान्य करावे लागेल.

आमच्या मते गेममध्ये प्रत्यक्ष दिसते ते आधी मानावे, पुस्तकाला त्याखालोखाल स्थान द्यावे आणि निर्मात्यांच्या मुलाखती सर्वांत शेवटी विचारात घ्याव्यात. या क्रमाची कसोटी ‘फॉलआउट’ या गेमवर बेतलेल्या २०२४ च्या दूरचित्रमालिकेने पाहिली. तिच्यातील एका वर्गाच्या फळ्यावर शेडी सँड्स या शहराच्या पाडावासमोर २२७७ हे साल लिहिलेले दिसते आणि तिथून निघालेला बाण अणुस्फोटाच्या चित्राकडे जातो. २०१० चा ‘न्यू व्हेगस’ हा ‘फॉलआउट’ गेम घडतो २२८१ मध्ये, आणि त्यातील कोणालाही अशा स्फोटाची गंधवार्ता नाही. चाहते खवळले, ‘न्यू व्हेगस’ रद्दबातल ठरवला, असा आरोप झाला. अखेर बॉम्ब त्या गेममधील घटनांनंतर पडला, असा खुलासा ‘फॉलआउट’ गेमची सूत्रे सांभाळणारे बेथेस्डाचे टॉड हॉवर्ड यांना करावा लागला. पडती कळा २२७७ पासून आणि स्फोट नंतरचा, असे वाचण्यास त्या बाणाने वाव ठेवला होता. खडूच्या एका रेघेवर एवढा भार क्वचितच कोणी टाकला असेल!

‘न्यू व्हेगस’चे मुख्य शेवट चार आहेत आणि मालिकेची कथा दुसऱ्या पर्वात त्याच शहरात पोहोचली, तेव्हा त्यांपैकी कोणताही एक अधिकृत न ठरवण्याचे धोरण निर्मात्यांनी ठेवले. त्यामुळे त्या गेमच्या शेवटी होणारी हूव्हर धरणाची लढाई कोणी जिंकली, यावरचा सीताबर्डीतील वाद तूर्त तरी मिटण्याची चिन्हे नाहीत.