स्वर्गात गेलेला ख्रिस्त आज काय करतो?

प्रभू येशूच्या नावात आपणा सर्वांना सलाम.

आज आपण ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाविषयी बोलणार आहोत. 2026 साली पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, 5 एप्रिलला आला, त्यामुळे तेथून मोजलेला चाळिसावा दिवस, म्हणजे स्वर्गारोहणाचा गुरुवार, 14 मे रोजी येतो. जर्मनी आणि फ्रान्समध्ये, इतकेच काय, मुस्लिमबहुल इंडोनेशियातही या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. आपल्याकडे मात्र तो कामाचा दिवस असतो. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन करणारी आणि पुनरुत्थानाच्या दिवशी पहाटे अंधारात उठून उपासनेला जाणारी आपली माणसे या गुरुवारी ऑफिसात, शेतावर किंवा लोकलमध्ये असतात. अनेक देशांत कॅथलिक चर्चने याच कारणाने हा सण पुढच्या रविवारी नेला आहे.

सुट्टी नाही याचे मला फारसे दुःख नाही. दुःख आहे ते या घटनेचा अर्थही आपण त्याच गुरुवारी सोडून पुढे जातो याचे. प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणजे उपासनेत एकत्र म्हटला जाणारा विश्वासाचा सारांश; त्यात आपण दर रविवारी म्हणतो की ख्रिस्त स्वर्गात चढला आणि सर्वसमर्थ पित्याच्या उजवीकडे बसला आहे. त्याचा जन्म, त्याचे दुःखसहन, त्याचे मरण आणि पुनरुत्थान हे सारे घडून गेले आहे. त्याचे पुन्हा येणे अजून व्हायचे आहे. या दोहोंच्या मधल्या काळात, म्हणजे तुम्ही हा व्हिडिओ पाहत असताना, ख्रिस्त काय करीत आहे, याचे उत्तर त्या एका वाक्यात आहे आणि नेमके तेच वाक्य आपण सर्वांत घाईने उच्चारतो.

(पडद्यावर: लूक 24:50-53, प्रेषितांची कृत्ये 1:6-11)

लूकने ही घटना दोनदा सांगितली आहे: एकदा आपल्या शुभवर्तमानाच्या अखेरीस आणि एकदा प्रेषितांच्या कृत्यांच्या आरंभी. शुभवर्तमानात तो सांगतो की येशूने शिष्यांना बेथानीपर्यंत बाहेर नेले, हात वर करून त्यांना आशीर्वाद दिला, आणि आशीर्वाद देत असतानाच तो त्यांच्यापासून वेगळा झाला. आशीर्वाद आटोपून, हात खाली घेऊन मग तो निघाला, असे लूक लिहीत नाही. शिष्यांनी त्याला शेवटचे पाहिले ते उंचावलेल्या हातांनी, आणि त्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. यानंतरचे वाक्य मला नेहमी थांबवून धरते. लूक म्हणतो की ते मोठ्या आनंदाने यरुशलेमेस परत गेले.

हा आनंद कोठून आला? घरातले माणूस परगावी निघाले, तरी एसटी वळणाआड जाईपर्यंत आपण डोळे पुसत उभे असतो. या अकरा शिष्यांनी तीन वर्षे ज्याच्यासोबत भाकर खाल्ली, ज्याला मेलेला पाहिले आणि पुन्हा जिवंत पाहिले, तो त्यांच्या डोळ्यांदेखत दिसेनासा झाला होता. शिवाय ज्या शहरात त्याला मारले त्याच शहरात त्यांना परतायचे होते. चाळीस दिवसांपूर्वी दारे लावून बसलेली ही माणसे आता रोज उघडपणे मंदिरात जाऊन देवाची स्तुती करू लागली. तो आपल्याला सोडून गेला असे त्यांना वाटले असते, तर हे शक्यच नव्हते. त्यामुळे माझ्या मते स्वर्गारोहणाचा अर्थ शोधताना वर जाण्याच्या चमत्काराआधी या आनंदाचे कारण शोधले पाहिजे.

त्याआधी एका शंकेचा विचार करू, कारण ती महाविद्यालयात शिकणारी आपली मुले हमखास विचारतात. ढगांच्या वर तर अवकाश आहे, तेथे दुर्बिणी पोहोचल्या आहेत, यान पोहोचले आहे. मग येशू गेला कुठे? शंका प्रामाणिक आहे, तिला दटावू नये. पण देव आकाशाच्या एखाद्या मजल्यावर राहतो असे पवित्र शास्त्राने कधी शिकवलेलेच नाही. यरुशलेमेतल्या मंदिराच्या समर्पणाच्या वेळी राजा शलमोन प्रार्थनेत म्हणतो की आकाश आणि नभोमंडळ यांतही देव मावत नाही, मग मी बांधलेल्या घराची काय कथा. प्रेषितांच्या कृत्यांत लूक सांगतो की एका मेघाने येशूला शिष्यांच्या दृष्टीआड केले. तो इस्राएल लोकांच्या ओळखीचा मेघ आहे: सीनाय पर्वतावर उतरलेला, निवासमंडप म्हणजे त्यांचा उपासनेचा तंबू भरून टाकणारा, आणि रूपांतराच्या डोंगरावर पेत्र, याकोब व योहान यांच्यावर छाया करणारा. देव समक्ष हजर आहे, याची ती खूण होती. येशू त्या मेघात घेतला गेला याचा अर्थ तो देवाच्या सान्निध्यात, देवाच्या सत्तेत घेतला गेला. दानीएलाच्या दृष्टान्तात मनुष्याच्या पुत्रासारखा कोणी आकाशातल्या मेघांसह पुराणपुरुषाजवळ, म्हणजे देवाजवळ, येतो आणि त्याला सर्व राष्ट्रांवरचे प्रभुत्व दिले जाते. डोंगरावरून शिष्यांनी जे जाणे पाहिले, तेच दानीएलाने कित्येक शतके आधी दुसऱ्या बाजूने, येणे म्हणून पाहिले होते.

युरोपातल्या चित्रकारांनी हा प्रसंग कसा रंगवला हे पाहण्यासारखे आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याच्या 1511 साली पुस्तकरूपाने आलेल्या लहान लाकूडठशांच्या मालिकेत या प्रसंगाचे एक चित्र आहे. त्यात वरच्या कडेला येशूची फक्त पावले आणि झग्याचा घोळ दिसतो, मधोमध डोंगराचा माथा आहे, त्यावर दोन पाऊलखुणा उमटल्या आहेत, आणि भोवती शिष्यांची मान वर केलेली गर्दी आहे. जैतुनांच्या डोंगरावर आजही एक लहान अष्टकोनी वास्तू आहे, तिच्या आत अशीच एक पाऊलखूण म्हणून दाखवला जाणारा दगड आहे आणि यात्रेकरू तेथे गुडघे टेकतात. त्यांची भक्ती मी कमी लेखत नाही. तरीही येशू दिसेनासा झाल्यावर शुभ्र वस्त्रांतल्या दोन पुरुषांनी गालीलकर शिष्यांना विचारलेला प्रश्न, की तुम्ही आकाशाकडे का पाहत राहिला आहात, या चित्रापुढे उभे राहिल्यावर मला पुन्हा ऐकू येतो. निघून गेलेल्या पावलांकडेच पाहत बसलो, तर उजवीकडे बसलेला राजा नजरेतून सुटतो.

हा राजा शब्द त्या काळी किती धोक्याचा होता याची कल्पना यावी म्हणून रोमकडे वळू. इसवी सन 14 मध्ये रोमचा सम्राट औगुस्त कैसर मरण पावला. त्याच्या अंत्यविधीनंतर एका वरिष्ठ दर्जाच्या अधिकाऱ्याने शपथेवर सांगितले की सम्राटाची आकृती चितेतून स्वर्गाकडे जाताना आपण पाहिली. रोमच्या सिनेटने औगुस्ताला देव म्हणून जाहीर केले आणि त्याच्या गादीवर आलेला तिबिर्य कैसर आपल्या नाण्यांवर स्वतःला दिव्य औगुस्ताचा पुत्र म्हणवू लागला. कर द्यावा की नाही या वादात येशूच्या हाती दिलेले नाणे बहुधा हेच होते. म्हणजे सम्राट स्वर्गात जातो आणि त्यामुळे त्याच्या वारसाची सत्ता पवित्र ठरते, ही गोष्ट त्या साम्राज्यातल्या लोकांना ठाऊक होती. अशा जगात लूक लिहितो की स्वर्गात घेतला गेला तो रोमच्याच अधिकाऱ्याने वधस्तंभावर दिलेला नासरेथचा सुतार. सम्राटाचा देह चितेत जळून गेला होता, वर गेली म्हणतात ती त्याची प्रतिमा. येशू मात्र त्याच देहाने गेला ज्याला त्यांनी फटके मारले होते, आणि तो देह अजून त्याचाच आहे.

येथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण माझ्या मते स्वर्गारोहणाचे मर्म येथेच आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात नकळत अशी समजूत असते की देवाचा पुत्र तेहतीस-एक वर्षे माणूस झाला आणि काम झाल्यावर अंगरखा उतरवावा तसे माणूसपण उतरवून परत गेला. चर्चने हे कधीच मान्य केले नाही. जो मरियेच्या उदरी जन्मला, ज्याला विहिरीपाशी तहान लागली, जो लाजराच्या कबरेपाशी रडला, तोच आज पित्याच्या उजवीकडे आहे. 1563 सालच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीत, म्हणजे विश्वास शिकवणाऱ्या प्रोटेस्टंट पुस्तिकेत, 49व्या प्रश्नाच्या उत्तरात, स्वर्गारोहणाचा एक लाभ असा सांगितला आहे की आपला देह स्वर्गात आहे आणि मस्तक म्हणजे ख्रिस्त जेथे आहे तेथे तो आपल्या अवयवांना, म्हणजे आपल्यालाही, नेईल याची ती खात्री आहे. मोलमजुरीने वाकलेली पाठ, डायलिसिसच्या सुयांनी सुजलेला हात, म्हातारपणी विसरू लागलेला मेंदू, या साऱ्याला देवापुढे काही किंमत आहे का, असे कोणी विचारले तर ख्रिस्ती माणसाने स्वर्गारोहणाकडे बोट दाखवावे. देवाच्या सिंहासनापाशी एक मानवी देह आहे आणि त्याच्यावरही व्रण आहेत.

(पडद्यावर: निर्गम 28:15-29, इब्री 4:14-16, 7:25, 9:24)

तो तेथे काय करतो हे इब्री लोकांस पत्र सांगते, आणि ते समजायला निर्गमच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातला प्रमुख याजकाचा पोशाख डोळ्यांपुढे आणावा लागतो. त्याच्या छातीवर एक ऊरपट असे, चौरस, दुहेरी, एक वीत लांब आणि एक वीत रुंद. त्यावर चार रांगांत तीन-तीन रत्ने जडवलेली होती आणि मुद्रा कोरावी तशी प्रत्येक रत्नावर इस्राएलाच्या एका वंशाचे नाव कोरलेले होते. खांद्यांवरच्या दोन रत्नांवरही सहा-सहा नावे होती. पवित्रस्थानात जाताना तो लोकांची नावे खांद्यावर वाहून आणि हृदयाशी धरून आत जात असे. लोक बाहेर अंगणात उभे राहत, पण त्यांची नावे आत पोहोचलेली असत. अगदी आतल्या परमपवित्रस्थानात मात्र वर्षातून एकदाच, प्रायश्चित्ताच्या दिवशी, साधी तागाची वस्त्रे घालून त्याला अंतरपटाच्या आत जाता येई. आणि तेथून त्याला बाहेर यावे लागे, कारण पुढच्या वर्षी पुन्हा तेच करायचे असे. त्या मंडपात दीपवृक्ष होता, मेज होते, वेदी होती; याजकाला बसायला मात्र आसन नव्हते, कारण त्याचे काम कधी संपतच नसे. इब्रीकरांस लिहिणारा म्हणतो की ख्रिस्त हाताने केलेल्या पवित्रस्थानात गेला नाही, तो प्रत्यक्ष स्वर्गात, आपल्यासाठी देवासमोर उभा राहण्यास गेला. आणि एकच यज्ञ अर्पण करून तो बसला.

शिष्यांच्या आनंदाचे कारण मला येथे सापडते. त्यांचे नाव ज्याच्या हृदयाशी होते, तो आत गेला होता आणि त्याला बाहेर यावे लागणार नव्हते. मी जातो हे तुमच्या हिताचे आहे, असे येशू मरणाआधीच्या शेवटच्या रात्री म्हणाला होता. गालीलात तो एका वेळी एकाच गावी असे. यार्देनेपलीकडे असला की बेथानीच्या मार्था व मरिया या दोन बहिणींना निरोप धाडून वाट पाहावी लागे. आता पवित्र आत्म्याच्या द्वारे तो वसईतल्या वाडीत, अहिल्यानगरच्या खेड्यात आणि दुबईतल्या कामगारांच्या खोलीत एकाच वेळी जवळ आहे.

ही शिकवण मनात उतरली तर आपल्या प्रार्थनेत फरक पडायला हवा. आपल्याकडे अलीकडे एक रीत वाढली आहे आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलणे मला माझे कर्तव्य वाटते. अमुक सेवकाने डोक्यावर हात ठेवला तरच प्रार्थना ऐकली जाते, त्यांचा फोन लागला नाही तर काम अडले, असे मानून भोळी माणसे दूरदूरच्या सभांना जातात, रात्र-रात्र रांगेत बसतात, कधी कर्ज काढून दाने देतात. एकमेकांसाठी प्रार्थना करणे आणि मंडळीच्या वडिलांकडे प्रार्थना मागणे ही शास्त्राचीच आज्ञा आहे. पण देवाजवळ जाण्याची वाट एखाद्या माणसाच्या हाती आहे असे जो भासवतो, तो ख्रिस्ताने उघडलेल्या दाराशी नाका उभारतो. रुग्णालयाच्या जिन्यात बसलेल्या आईला शब्द सुचत नसले तरी तिच्यासाठी मध्यस्थी करणारा सर्वदा जिवंत आहे. तिची प्रार्थना तिच्या शब्दांच्या बळावर पोहोचत नाही. ती त्याच्या नावाने पोहोचते, आणि आपण प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी त्याचे नाव घेतो ते याचसाठी.

यावरून कोणी असे समजू नये की स्वर्गात मध्यस्थ असला की पृथ्वीवर धोंडे पडत नाहीत. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्यावर पडले. यहुद्यांच्या न्यायसभेपुढे उभा असताना त्याने आकाश उघडलेले आणि मनुष्याचा पुत्र देवाच्या उजवीकडे उभा असलेला पाहिला. इतर ठिकाणी ख्रिस्त बसलेला आहे, येथे तो उभा आहे. आपल्या साक्षीदारासाठी साक्ष द्यायला तो उठून उभा राहिला, असा अर्थ अनेक भाष्यकारांनी लावला आहे आणि मला तो पटतो. स्तेफन वाचला नाही, पण मारेकऱ्यांसाठी देवाकडे क्षमा मागण्याइतका तो त्या घडीला मोकळा होता, आणि त्यांची वस्त्रे सांभाळत उभा असलेला शौल नावाचा तरुण, जो पुढे प्रेषित पौल झाला, तेथे होता.

(पडद्यावर: प्रेषितांची कृत्ये 1:12-15)

डोंगरावरून परतल्यावर शिष्य माडीवरच्या खोलीत गेले आणि पुढचे दहा दिवस एकचित्ताने प्रार्थना करीत राहिले. तेथे सुमारे एकशे वीस माणसे होती. स्त्रिया होत्या, येशूची आई मरिया होती, आणि पूर्वी त्याच्यावर विश्वास न ठेवणारे त्याचे भाऊही होते. यंदा हे दहा दिवस 14 मेच्या गुरुवारपासून 24 मेच्या पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, येतात. या काळात घरातल्यांनी मिळून रोज इब्रीकरांस पत्राचा एक अध्याय वाचावा. चौथ्यापासून सुरुवात केली तर तेरावा अध्याय नेमका दहाव्या दिवशी, शनिवारी, संपतो. वाचून झाल्यावर बाराव्या वंशापर्यंत मोजलेल्या याजकाच्या त्या रत्नांसारखी आपल्या माणसांची नावे एकेक करून मोठ्याने घ्यावीत: आजारी असलेल्यांची, दूर असलेल्यांची, आणि ज्यांच्याशी आपले बोलणे बंद आहे त्यांचीही. चौथ्या अध्यायातली चौदा ते सोळा ही वचने मुलांकडून पाठ करून घ्या. पवित्र आत्म्याच्या आगमनावरचा पुढचा व्हिडिओ 24 मेच्या आधी आपल्यापर्यंत येईल.