ही चादर धुवायची नाही

(टेबलावर रेक्झिनची बॅग. चेन बंद.)

२६ नोव्हेंबर २००८. रात्री दहाच्या सुमारास मुंबईच्या सीएसटीवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा सोलापूरची सिद्धेश्वर एक्सप्रेस अजून सुटायची होती. अशा रात्रीतून वाचलेल्या माणसाची बॅग घरच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून राहते. त्यातल्या वस्तू पुढे जपायच्या कशा, ते हे. बॅग कधी उघडायची, हे मात्र त्या माणसानंच ठरवायचं.

उघडण्याआधी फोटो, शेजारी फूटपट्टी ठेवून. मग एकेक वस्तू काढताना पुन्हा. वर काय होतं, खाली काय होतं, हेही नोंदवायचं. कोर्टातून परत मिळालेल्या वस्तूला मुद्देमालाची चिठ्ठी आणि लाखेचं सील असतं. घरचे तेच आधी कापून टाकतात. वस्तू त्याच रात्रीची, याचा पुरावा मात्र तिथेच असतो.

(तपकिरी डाग, जवळून.)

सोलापुरी चादर, रक्ताचा डाग. हातात नायट्राइलचे मोजे, तोंडाला मास्क. वाळलेल्या रक्तानं सूत कडक होतं आणि घडीवर तुटतं. म्हणून घडी नाही. तीन-चार इंची नळीवर सैल गुंडाळायची, मध्ये मांजरपाट. कोरा मांजरपाट चालत नाही, त्यातल्या खळीवर कसर येते. साबणाशिवाय दोनदा उकळून, कडक वाळवून घ्यायचा. कसर आधीच लागली असेल, तर हवाबंद पिशवीतून डीप फ्रीजरमध्ये, उणे २० अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. आधी उघडली तर कापडावर दव धरतं.

(ईसीजीची पट्टी.)

कागदांत सगळ्यात आधी जातो तो हा. थर्मल कागद, यात शाई नसते, उष्णतेनं कागदच काळा पडतो. जपायचा म्हणून लॅमिनेशनला नेला, की मशीनमधून काळी पट्टी बाहेर येते. पीव्हीसीच्या फोल्डरात उलटं, आलेख पुसट होत जातो. त्यामुळे स्कॅन याचा पहिला: ६०० डीपीआय, टिफ फाइल. मग कागदी पाकिटात, अंधारात. पत्र्याखालच्या माळ्यावर नको, मे महिन्यात तोही लॅमिनेशन मशीनच असतो!

डिस्चार्ज कार्डाची गंजलेली स्टेपल ओढायची नाही. मागचे पाय सरळ करून काढायची. फाटलं तर सेलोटेप नाही. नोंदवहीतला क्रमांक कागदाच्या मागच्या कोपऱ्यात, २बी पेन्सिलीनं. जुन्या मोबाइलची बॅटरी फुगण्याआधी वेगळी करायची.

(नोंदवही.)

शेवटचा रकाना: कोणती वस्तू कोणाला दाखवायची. त्यापुढे बॅग ज्यांची, त्यांची सही.