घरी प्लायची होडी: इपॉक्सी दगा कुठे देतं?

नमस्कार मंडळी. गंगापूर धरणाच्या पाण्यात उतरवण्याजोगी 12 फुटी होडी नाशिकमध्ये घराच्या पार्किंगमध्ये बांधता येते. पाण्यात उतरवायची परवानगी आधी बघा, तो वेगळाच विषय. आज बोलायचंय इपॉक्सीवर, म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या गोंदावर, कारण माल वाया जातो तो तिथेच.

प्लाय 6 मिलिमीटर, 3 शीट, शिक्का आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायचा. दुकानदार आयएस 303 चा साधा प्लाय दाखवून "हाही वॉटरप्रूफच" म्हणेल, घेऊ नका. कापलेल्या कडेत पोकळी दिसली तर शीट परत. शीट 8 फुटांची, म्हणून जोड तिरका: 1 ला 8, म्हणजे 6 मिलिमीटर जाडीला 48 मिलिमीटर उतार. मग कडेपासून 10 मिलिमीटर आत, दर 15 सेंटिमीटरला भोक आणि तांब्याच्या तारेचे टाके घालून कापलेले तुकडे कडेला कड जोडा. तार फार पिळू नका, कड फाटते.

आता मिश्रण. पॉलिस्टर रेझिनची सवय असलेले कारागीर हार्डनर अंदाजाने कमी-जास्त करतात. इपॉक्सीत हे अजिबात चालत नाही. रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच जुळतात. हार्डनर जास्त झाला तर उरलेला तसाच राहतो आणि थर मऊ पडतो. डब्यावरचं प्रमाण वजनाचं की मापाचं, ते वाचा. एका वेळी 200 ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. उभ्या मगात तेच मिश्रण स्वतःच्या उष्णतेने तापून धूर सोडतं. तापमान 10 अंश वाढलं की हातातला वेळ साधारण निम्मा होतो: 25 अंशांना 30 मिनिटं, तर आपल्या एप्रिलच्या दुपारी जेमतेम 15.

सांध्यात भरायला त्यात लाकडाचा बारीक भुसा आणि सिलिका. श्रीखंड नको, चक्का हवा. चमचा उलटा केला तरी पडता कामा नये. त्यावर 3 इंची ग्लास टेप, म्हणजे काचतंतूच्या कापडाची पट्टी. हातमोजे घालाच, इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सुटत नाही.

लाकडावरचा पहिला कोट सकाळी देऊ नका. ऊन चढलं की लाकडातली हवा फुगते आणि कोटभर बुडबुडे. संध्याकाळी द्या; लाकूड थंड होताना इपॉक्सी आत ओढून घेतं.

पावसाळ्यात वाळलेल्या थरावर मेणचट साय येते. पॉलिश पेपर मारण्याआधी ती साध्या पाण्याने घासून धुवा, नाहीतर पेपर तीच आत रगडतो आणि वरचा रंग सालीसारखा निघतो. रंग मात्र लावाच. उघडं इपॉक्सी उन्हाने पिवळं पडून भुकटी होतं.