वीतभर विणीची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार. तुमच्यापैकी कोणी अजून जुन्या ट्रान्झिस्टरवर, मीडियम वेव्हवर ऐकत असाल ना, तर त्या रेडिओच्या पोटात एक काळसर दांडी असते आणि तिच्यावर केसासारखी बारीक तांब्याची तार ओळीने गुंडाळलेली असते. माझं सगळं आयुष्य त्याच जातीच्या तारेत गेलंय. मी तार विणून दागिने करते, पेंडंट, कानातली, कडी, आणि गेली बरीच वर्षं शिकवतेसुद्धा.

तारेशी ओळख झाली ती वडिलांमुळे. लालबागला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान होतं. जळलेले पंखे यायचे, मिक्सर यायचे, पाण्याचे पंप यायचे, मग जळकी कॉइल सोडवायची, तारेची जाडी मायक्रोमीटरने बघायची आणि त्याच नंबरची नवी तार तेवढेच फेरे मोजून भरायची. शाळेतून आले की मी स्टुलावर बसून फेरे मोजायचे, मध्येच कोणी हाक मारली तरी उत्तर द्यायचं नाही कारण आकडा चुकला की सगळं परत. बाबा म्हणायचे तार ओढू नकोस, तिला येऊ दे. तेव्हा कळलं नव्हतं, पण आज मी वर्गात रोज हेच वाक्य बोलते.

आता तारेचा नंबर म्हणजे काय ते सांगते कारण इथेच नवीन लोक अडकतात. नंबर वाढला की तार बारीक होते. जाड तार पोलादी पट्टीच्या भोकातून ओढून काढतात, मग त्याहून लहान भोकातून, मग अजून लहान, जितक्या जास्त वेळा ओढली तितकी बारीक, तिथून हे उलटे वाटणारे आकडे आले. आणि दुसरी गोष्ट, आपल्या बाजारात जो नंबर चालतो तो ब्रिटिश मापाचा, एसडब्ल्यूजी. व्हिडिओ बघून शिकणारी मुलं अमेरिकन माप धरून बसतात, तिथली २० नंबर तार ०.८१ मिलिमीटर आणि आपल्या दुकानातली २० नंबर ०.९१, ऐकायला फरक काहीच नाही पण बोटांना लगेच कळतो. मी विणायला २८ नंबर वापरते, तिचं एक छान गणित आहे, तांब्याची २८ नंबर तार एक मीटर घेतली की वजन जवळजवळ बरोब्बर १ ग्रॅम भरतं, म्हणजे १०० ग्रॅमचं रीळ म्हणजे १०० मीटर, हिशेबाला एकदम सोपं.

विणायचं कसं ते रेडिओवर दाखवता येत नाही तर असं डोळ्यापुढे आणा. दोन जाड तारा शेजारी शेजारी धरल्यात, रेल्वेच्या रुळांसारख्या. बारीक तार पहिलीच्या वरून, दुसरीच्या खालून, वळून दुसरीच्या वरून, पहिलीच्या खालून, इंग्रजी आठचा आकडा काढत काढत पुढे जायचं. बुरूड टोपली विणतो ना, अगदी तसं. दर चार-पाच फेऱ्यांनी अंगठ्याच्या नखाने वीण मागे दाबायची म्हणजे ओळी घट्ट बसतात. बस, एवढंच. बाकीच्या विणी सगळ्या यातूनच निघतात, कुठे दोन फेरे एका तारेवर, कुठे तीन, कुठे तिसरा रूळ जोडला.

यात डाग नाही, आच नाही, म्हणजे जोडकाम अजिबात नाही. कटकची चांदीची तारकशी तुम्ही पाहिली असेल, तीही तारेचंच काम पण तिथे तारा एकमेकींना झाळून बसवतात. विणकामात खडा काय किंवा आकार काय, जे काही धरून ठेवलंय ते फक्त तारेच्या ताणाने. तार सैल तर खडा निसटला, तार फार ओढली तर आठवड्याने तुटली. कारण तांबं दर वाकवण्यागणिक कडक होत जातं, एकाच जागी पाच-सहा वेळा पुढे-मागे केलं की तुटतंच. लोकरीचं स्वेटर उसवून परत विणता येतं, तार उसवली की तिच्यात आधीचे सगळे वळसे राहतात आणि ती दमलेली असते. सोनारासारखा ताव देऊन जाड तार नरम करता येते, लालसर होईपर्यंत तापवायची आणि पाण्यात टाकायची, पोलाद असं केलं की कडक होतं पण तांबं नरमच राहतं. विणलेल्या बारीक तारेला मात्र मी आच लावत नाही, क्षणात वितळून जाते.

म्हणून माझ्याकडे पहिल्या दिवशी कोणालाही पेंडंट करायला मिळत नाही. पहिल्या दिवशी एक वीत पट्टी विणायची, सरळ, नुसती. लोक नाराज होतात, मला माहितीये, फी भरून आलेली असतात, घरी काहीतरी घालून जायचं असतं. एक काकू तर म्हणाल्या, अगं ताई, मी साठ वर्षांची आहे, मला पट्ट्या करत बसायला वेळ आहे का. मी म्हटलं काकू, एवढी वीत करा मग बघू. पहिली चार बोटं वाकडीतिकडी झाली, रूळ एकीकडे जवळ एकीकडे लांब, तार दोनदा तुटली, आणि मग पाचव्या बोटापाशी त्या गप्प झाल्या आणि वीण एकसारखी यायला लागली. ते मला लांबूनसुद्धा कळतं, खांदे खाली येतात. काकूंनी त्या दिवशी वीत पूर्ण केली आणि दुसरी सुरू केली. वितीभरात हाताला समजतं की तार कुठे थांब म्हणतेय, आणि हे सांगून शिकवता येत नाही, मी खूप प्रयत्न केलाय.

आपल्याकडे हे काम काही नवं नाही बरं का. सोन्याचा गोफ काय आहे, विणलेली तारच. नथीतला एकेक मोती सोन्याच्या तारेत गुंफून पक्का करतात. आणि तिकडे तिरुचिरापल्लीच्या विणीच्या साखळ्या इंग्रजांच्या काळात इतक्या नावाजलेल्या होत्या की त्या विणीलाच इंग्रजीत ट्रिचिनोपोली म्हणायला लागले, आणि युरोपात व्हायकिंग काळातल्या साखळ्या मातीतून निघाल्या तर त्यांच्यासाठीसुद्धा अभ्यासकांनी आपल्या त्रिचीचं नाव वापरलं! हे मी प्रत्येक बॅचला सांगते, कारण मुलं येतात ती वायर वीव्हिंग हा परदेशी छंद समजून येतात.

माझी एक विद्यार्थिनी कल्याणहून सीएसएमटीला रोज जाते, लेडीज डब्यात बसायला मिळालं की पर्समधून रूळ काढते आणि विणते. शेजारी कोणी मेथी निवडतंय, कोणी गजरे करतंय, त्यात ही. कटर ती डब्यात काढत नाही हे मला आवडतं, कारण तारेचा तुकडा कापताना उडतो आणि डोळ्यात जाऊ शकतो, घरीसुद्धा कापताना टोकावर तळहात धरा, चष्मा लावा.

आता पैशाचं बोलते, कारण ते कोणी बोलत नाही. एका पेंडंटला माझी साधारण ६ मीटर बारीक तार आणि १ मीटर जाड तार जाते, मिळून १२ ग्रॅम तांबं, म्हणजे एका वडापावच्या पैशातलं. आणि तास लागतात सात-आठ. दिवाळीआधी दादरला प्रदर्शनात टेबल लावलं की बायका हातात घेतात, उलटसुलट बघतात आणि म्हणतात, तांब्याचंच तर आहे, एवढे कसले? पूर्वी मला राग यायचा, कधी रडूही आलंय. आता मी टेबलावर दोन रूळ आणि तार तयार ठेवते आणि म्हणते, बसा ना, दोन बोटं विणून बघा. ज्या बसतात त्या कधीच भाव करत नाहीत, काही जणी विकत घेतही नाहीत पण जाताना पेंडंट ज्या पद्धतीने खाली ठेवतात ना, त्यात फरक असतो. आपल्या हाताचे तास धरल्याशिवाय किंमत लावू नका, माझ्या मुलींना मी हे वीत विणायच्या आधी सांगते.

मुंबईत अजून एक लढाई असते ती हवेशी. खारी हवा, पावसाळ्यातली ओल, घाम, तांबं काळवंडतं, कोपऱ्यात हिरवं धरतं. आपल्या आज्या तांब्याचे हंडे चिंचेने घासायच्या तेच इथेही, चिंचेच्या पाण्यात थोडं मीठ, मऊ ब्रश, स्वच्छ पाणी आणि लगेच कोरडं करून झिपच्या पिशवीत. मुद्दाम काळपट जुना रंग हवा असेल तर उकडलेलं अंडं गरम असतानाच कुस्करून दागिन्यासोबत बंद डब्यात ठेवा, अंड्यातल्या गंधकाने तांबं हळूहळू तपकिरी, मग काळं होत जातं, पाहिजे तिथे थांबवा आणि वरचा भाग पुसून घ्या, वीण उठून दिसते. कानात घालायचे हुक मात्र चांदीचेच लावा, स्वस्त हुकांमध्ये निकेल असतं, खूप जणींचे कान त्याने चिघळतात.

सुरुवात करायची असेल तर मस्जिद बंदरला उतरा, चालत तांबाकाट्याकडे किंवा लोहार चाळीत जा. दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारा की तार इनॅमलची आहे की उघडी. वाइंडिंगच्या तारेवर इनॅमलचा, म्हणजे वार्निशसारखा थर असतो, ती विणायला चालते, टिकतेही चांगली, पण तिला कधी आच दाखवू नका, धूर वाईट असतो, आणि चिंचेचा किंवा अंड्याचा परिणाम तिच्यावर होणार नाही. उघडी तार मागा, २० नंबर आणि २८ नंबर. ते किलोवर विकतात, १०० ग्रॅम मागितलं की काही जण नाही म्हणतात, दोन दुकानं पुढे गेलात की कोणीतरी देतं. एक गोल तोंडाचा चिमटा, एक चपटा, एक कटर. घरी येऊन २० नंबरचे दोन वीतभर तुकडे कापा, खिडकीजवळ उजेडात बसा, बारीक तार एका वेळी तीन मीटरपेक्षा जास्त घेऊ नका, नाहीतर पीळ बसतो, आणि पहिले चार फेरे झाले की नखाने मागे दाबायला विसरू नका. नमस्कार.