युफ : झाड नसलेली वाडी

आधी एक काम करा. आत्ता स्क्रीनवर जी दरी दिसतेय ना, हिरवीगार, मधून पांढऱ्या दोरीसारखा ओढा, कडेला थोडीशी घरं, या फ्रेममध्ये मला एक झाड शोधून दाखवा. व्हिडिओ पॉज करा हवं तर.

नाही सापडणार.

हे युफ. स्वित्झर्लंडच्या पूर्वेला ग्राउब्युंडन नावाचा कॅन्टन, म्हणजे तिथलं राज्य, आहे, त्यात आफर्स नावाची दरी, आणि त्या दरीच्या पार शेवटच्या टोकाला २१२६ मीटरवर ही वाडी. गाव म्हणण्यापेक्षा वाडीच बरोबर, कारण माणसं तीसच्या आसपास आणि गुरं-मेंढरं त्याहून जास्त. युरोपात बाराही महिने लोक राहतात अशी सगळ्यात उंच वस्ती म्हणून हिचं नाव घेतात. आता त्यावरही वाद आहेत, इटलीतलं त्रेपाले म्हणतं आमचा नंबर पहिला, कॉकेशस युरोपात धरला तर जॉर्जियातलं उश्गुली पण रांगेत येऊन उभं राहतं. मला खरं सांगायचं तर या नंबरच्या भानगडीत फार रस नाही. मला पडलेला प्रश्न साधा आहे. जिथे चुलीला लाकूड नाही आणि शेतात धान्य होत नाही, तिथे सातशे वर्षांपूर्वी लोक आले कशाला, आणि आले ते आले, टिकले कसे?

खालून येताना रस्ता आंडेर गावाच्या पुढे मुख्य दरी सोडतो आणि वर वळतो. सुरुवातीला दाट जंगल, अरुंद घळ, हिमस्खलनापासून वाचायला रस्त्यावर बांधलेली काँक्रीटची छपरं, मग क्रेस्टा गावाच्या अलीकडे कापेटाचं जंगल लागतं, सूचिपर्णी झाडांचं, आणि ते संपलं की झाडं जवळपास संपलीच. क्रेस्टाचं पांढरं चर्च उतारावर एकटंच उभं दिसतं, त्यानंतर नुसतं गवत, दोन्ही बाजूंना, थेट डोंगराच्या खांद्यापर्यंत. ते गवत नीट बघून ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

आणि हा ओढा. याचं नाव युफर-ऱ्हाइन, म्हणजे हो, तोच ऱ्हाइन, त्याच्या अनेक मुळांपैकी हे एक. इथलं पाणी जर्मनी, नेदरलँड्स करत उत्तर समुद्राला मिळतं. पण युफहून फोर्चेलिना खिंड चढून सेप्टिमर आणि तिथून लुंघिन खिंडीपर्यंत चालत गेलात तर तिथे एक गंमत आहे. त्या खिंडीत पडलेला पाऊस तीन वाटांनी जातो, एक ऱ्हाइनमधून उत्तर समुद्राला, एक इन आणि डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला, आणि एक पो नदीतून एड्रिआटिकला.

तर, माणसं आली कुठून? पश्चिमेकडच्या वालिस भागातून, म्हणून त्यांना वाल्झर म्हणतात, बोली जर्मन. तेराव्या शतकाच्या शेवटी हे लोक आल्प्समधल्या उंच, रिकाम्या दऱ्यांमध्ये पसरत होते, आणि या भागातल्या त्यांच्या वस्तीचा पहिला उल्लेख १२९२ सालचा आहे. खालच्या चांगल्या जमिनी आधीच रोमान्श ही इथली जुनी भाषा बोलणाऱ्या लोकांकडे होत्या, यांच्या वाट्याला वरचं उरलेलं आलं. पण त्याच्या बदल्यात एक सौदा होता. जमीनदारांना हे निर्जन डोंगर कुणीतरी कसायला हवेच होते, म्हणून त्यांनी वाल्झरांना वंशपरंपरागत जमीन दिली, वेठबिगारी नाही, कुणाचे कूळ-गुलाम नाही, आपला न्यायनिवाडा आपण करायचा, बदल्यात ठरलेला खंड आणि वेळ आली तर लढायला माणसं. त्या काळातल्या शेतकऱ्याला खाली कुठे हे मिळणार होतं? म्हणजे थंडी घ्या आणि स्वातंत्र्य घ्या असा प्रकार. म्हणूनच खालची फेरेरा दरी मूळची रोमान्श बोलणारी, श्टालरबेर्ग खिंडीपलीकडचं बिव्हिओ मूळचं इटालियन बोलणारं, आणि मधे ही आफर्सची जुन्या वळणाची जर्मन.

आता चुलीकडे येऊ.

हिवाळ्यात मेंढ्या महिनोन्‌महिने गोठ्यात कोंडलेल्या असायच्या. लेंड्या आणि खाली पसरलेला काडीकचरा त्यांच्याच खुरांनी तुडवून तुडवून घट्ट व्हायचा, थरावर थर. वसंत आला की तो थर फावड्याने चौकोनी विटांसारखा कापायचा, घराच्या उन्हाच्या बाजूला सज्जात रचून ठेवायचा, आणि उन्हावाऱ्यात खडखडीत वाळला की पुढच्या हिवाळ्याचं जळण तयार. गोवऱ्याच की! फक्त थापायच्या नाहीत, कापायच्या. आणि शेणाच्या नाहीत, मेंढीच्या, कारण मेंढीची लेंडी मुळात कोरडी, आणि गाईचं शेण कुरणाला खत म्हणून लागायचं, ते जाळणं परवडायचं नाही. मला हा हिशोब फार आवडला. गवत मेंढीने खायचं, मेंढीने अंगावर लोकर द्यायची आणि मागून सरपण द्यायचं, म्हणजे घरातली ऊब दोन्ही वाटांनी गवतातूनच.

पण ते गवत मिळवणं हेच खरं काम. उन्हाळा एवढासा, त्यात गुरं वरच्या कुरणांवर पाठवायची आणि खालचं गवत कापून, वाळवून, सात-आठ महिन्यांचा चारा कोठारात भरायचा. उतार इतके तीव्र की उभं राहायचे वांधे. फार वरचं गवत तिथेच साठवून ठेवायचं आणि हिवाळ्यात बर्फावरून स्लेजवर घसरवत खाली आणायचं, हे काम भयंकर धोक्याचं, कारण नेमके तेच उतार हिमस्खलनाचे. शेजारच्या एंगाडीन दरीत एक म्हण आहे, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने थंडी. युफ त्याहून वर आहे, तेव्हा समजून घ्या.

बाहेर जायचं तर खाली नाही, वरून जायचे हे लोक. आपल्याला उलटं वाटतं पण खालची घळ इतकी बेकार होती की खिंडी ओलांडून दक्षिणेला इटलीकडच्या किआव्हेन्नाच्या बाजाराला जाणं सोयीचं पडायचं. धान्य, वाईन तिकडून, इकडून गुरं आणि चीज-लोणी. क्रेस्टापर्यंत गाडीरस्ता आला तो १९व्या शतकाच्या अगदी शेवटी.

आणि आता हे घर बघा, क्रेस्टा आणि युफच्या मधे, १६६४ सालचं. शेतकऱ्याचं वाटतं का? नाहीच. याला पोदेस्ताचं घर म्हणतात. ग्राउब्युंडनच्या लोकांच्या तीन संघांनी १५१२ ते १७९७ इटलीकडच्या व्हाल्तेलिना आणि किआव्हेन्नावर राज्य केलं, तिथे इथून अधिकारी जायचे, त्यातला एक पोदेस्ता. पदं चक्क विकली जायची, आणि विकत घेतलेल्याने तिकडून वसूल करायचं. सतराव्या शतकातल्या आफर्सच्या कायद्यात अभिमानाने लिहिलंय की देवाच्या कृपेने आम्ही स्वतंत्र, कुठल्याही परक्या राजाचे आम्ही देणेकरी नाही. तिकडे खिंडीपलीकडे मात्र यांचेच लोक परके राजे! इतिहासात असं नेहमीच सापडतं, तरी दर वेळी हसू येतं.

विसाव्या शतकात पाण्याने नशीब फिरवलं. शेजारच्या लेई दरीत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोठं धरण झालं. तलाव जवळपास अख्खा इटलीत, पण भिंत स्वित्झर्लंडची, त्यासाठी दोन देशांनी जमिनीची अदलाबदल केली. वीज प्रकल्पामुळे चांगला रस्ता आला, पाण्याच्या वापराचे पैसे येऊ लागले. आणि शेतीला सरकारचं थेट अनुदान, जितकी उंच आणि जितकी उताराची जमीन तितकं जास्त. म्हणजे दूध-मांसाचे पैसे मिळतातच, पण कुरण कापत राहण्याचेही मिळतात, कारण नाही कापलं तर हळूहळू झुडपं माजतात आणि दरीचा चेहराच बदलतो.

आता जळण गाडीने येतं. पिवळी पोस्टबस वर येते, डोंगर चढायला आलेले चार-सहा लोक उतरतात, स्टॉपच्या फोटोत उंचीची पाटी आली पाहिजे म्हणून धडपडतात, ड्रायव्हर बस वळवून घेतो. पुढे रस्ता नाही, पायवाट आहे. आणि वर त्या उतारावर, बघा, मशीन मागून धरून कुणीतरी आडवं-आडवं गवत कापत चाललंय, आभाळ भरून यायच्या आत.