डब्यात पडलेला 'लेट इट बी'

नमस्कार श्रोतेहो.

सिनेमा डब्यात जातो तो बहुधा पैसे संपले म्हणून, सेन्सॉरशी वाजलं म्हणून, नाहीतर निर्माता आणि दिग्दर्शकाचं फाटलं म्हणून. आज ज्याच्याबद्दल बोलणार आहे, त्या सिनेमाच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. तो रीतसर थिएटरात लागला, त्यातल्या संगीताला ऑस्कर मिळालं, त्याची व्हिडिओ कॅसेटही निघाली. आणि मग ज्यांच्यावर तो काढला होता, त्यांच्याच कंपनीने तो उचलून कपाटात ठेवला. सिनेमा बीटल्स या इंग्लंडच्या चौघांच्या बँडचा, नाव 'लेट इट बी'. कॅसेट १९८१ सालची. त्यानंतर तो अधिकृतपणे पुन्हा निघाला थेट मे २०२४ मध्ये. मधल्या काळात बीटल्सच्या चाहत्यांची एक अख्खी पिढी म्हातारी झाली.

गोष्ट जानेवारी १९६९ची. लंडनच्या ट्विकनहॅम स्टुडिओत चौघं जमले: जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. बेत असा, की नवी गाणी बसवायची, ती लोकांसमोर वाजवायची आणि त्या सगळ्याचा टीव्हीसाठी कार्यक्रम करायचा. दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉग, वय वर्षं २८. कार्यक्रम करायचा कुठे, यावर काय काय निघालं! लिबियातलं रोमन काळातलं उघडं नाट्यगृह काय, समुद्रावरचं जहाज काय. शेवटी जमलं ते स्वतःच्या कचेरीच्या गच्चीवर. पण ते महिनाअखेरीला. त्याआधी गारठलेला भलामोठा स्टुडिओ, सकाळी सकाळी हजेरी, आणि कॅमेरा सतत तोंडासमोर. १० जानेवारीला जॉर्ज हॅरिसन बँड सोडून चालता झाला. त्याची समजूत घालून त्याला परत आणलं, मुक्काम सॅव्हिल रोवरच्या कचेरीच्या तळघरात हलवला, बिली प्रेस्टन कीबोर्डवर येऊन बसला आणि मग कुठे गाडं रुळावर आलं.

या जॉर्जबद्दल आपण मुंबईकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बरोबर वर्षभर आधी, जानेवारी १९६८ मध्ये, तो आपल्या फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करत होता. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया अशी तेव्हाची तरुण मंडळी त्या कामात वाजवायला होती. तिथे काय वाजवायचं, किती वाजवायचं, हे ठरवणारा जॉर्ज. आणि ट्विकनहॅमला? तिथे पॉल मॅकार्टनी त्याला गिटारवर काय वाजव, काय नको, हे समजावून सांगतोय. सिनेमातला सगळ्यात गाजलेला प्रसंग हाच. आवाज चढत नाही. तू सांगशील ते वाजवतो, वाजवू नको म्हणालास तर नाही वाजवत, अशा अर्थाचं काहीतरी जॉर्ज अगदी सपाट सुरात म्हणतो. आणि त्या सपाटपणानेच बघणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं.

आता सिनेमा लागला केव्हा, तर मे १९७०. त्याच्या महिनाभर आधी, एप्रिलमध्ये, पॉल वेगळा झाल्याची बातमी जगभर छापून आलेली. म्हणजे लोक थिएटरात शिरले तेच सुतकात. वर्षभरापूर्वीचं शूटिंग त्यांनी ताटातुटीची चित्रफीत म्हणून पाहिलं. चौघांपैकी एकही जण प्रीमिअरला फिरकला नाही. पुढच्या वर्षी ऑस्कर जाहीर झालं तेव्हाही कोणी हजर नव्हतं, ते क्विन्सी जोन्स यांनी स्वीकारलं.

त्यानंतरचा वनवास तर विचारूच नका. १९९०च्या दशकात प्रिंट दुरुस्तीला घेतल्याचं कळलं, आशा पालवली. मोठी माहितीपट-मालिका आली १९९५ला, तिच्यात तुकडे दिसले, सिनेमा नाही. २००३ मध्ये याच नावाच्या अल्बमची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा डीव्हीडी येणार असं बोललं गेलं. आली नाही. नील ॲस्पिनॉल, म्हणजे लिव्हरपूलच्या दिवसांत यांची गाडी चालवणारा आणि पुढे यांच्या 'ॲपल कोर' या कंपनीचा कारभारी झालेला माणूस, त्याने एकदा खुलासा केला. दुरुस्ती अर्धी झाल्यावर लक्षात आलं, की यातलं काही अजूनही झोंबणारं आहे, जुनी दुखणी वर काढणारं आहे. झालं. पुन्हा कपाट. (ही ॲपल फोनवाली नव्हे बरं का, ही त्यांच्या आधीची.)

दरम्यान चाहते काय करत होते? जुन्या कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून सीडी, सीडीवरून फाइल. मी पाहिलेल्या कॉपीत रिंगोचा चेहरा आणि मागची भिंत एकाच रंगाची होती. गच्चीवरची गाणी म्हणजे नुसती खरखर. तरी ती कॉपी हातोहात फिरत असे, आणि परत मागताना लोक कचरत. याच शूटिंगच्या ध्वनिफितींचा चोरबाजार तर किती मोठा! २००३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या बाजूला पोलिसांनी छापा घातला, तेव्हा चोरीला गेलेली सुमारे ५०० रिळं सापडली. मालकाने दुकान बंद ठेवलं की गिऱ्हाईक मागच्या गल्लीत जातंच. मग त्यालाच चोर म्हणायचं, हे काही बरोबर नाही.

मालकांची बाजू मला कळत नाही असं नाही. घरात वाजलं की माणूस पाहुण्यांसमोर दार लोटून घेतो, तसंच हे. शिवाय जॉन १९८०ला गेला, जॉर्ज २००१ला. मागे पॉल, रिंगो आणि दोघांच्या विधवा, योको आणि ऑलिव्हिया. त्यांना ते महिने पुन्हा बघावेसे वाटले नसतील, तर त्यांना दोष कोण देणार? पण मग तसं सांगा की! एका ओळीचं पत्रक काढा, आम्हाला हा सिनेमा दाखवायचा नाही, विषय संपला. चाहता चार दिवस चडफडला असता आणि गप्प बसला असता. त्याला छळलं ते नकाराने नाही, 'काम चालू आहे' या उत्तराने.

रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या बँडचं उदाहरण घ्या. त्यांच्या १९७२च्या अमेरिका दौऱ्यावर रॉबर्ट फ्रँकने एक माहितीपट केला. त्याचं नाव रेडिओवर उच्चारण्यासारखं नाही, त्यामुळे ते तुम्ही तुमचं शोधा. बँडला तो रुचला नाही, प्रकरण कोर्टात गेलं आणि ठरलं, की वर्षातून मोजकेच खेळ करायचे, तेही फ्रँक स्वतः हजर असेल तरच. अट विचित्र, पण स्वच्छ. कुठे उभं आहोत हे बघणाऱ्याला कळत होतं.

बीटल्सवाल्यांची खरी गंमत पुढे आहे. ३० जानेवारी २०१९ला, गच्चीवरच्या त्या मैफलीला ५० वर्षं झाली त्याच दिवशी, जाहीर झालं की दिग्दर्शक पीटर जॅक्सन जुन्या फुटेजमधून नवा सिनेमा करणार. आणि त्याच्यानंतर मूळ 'लेट इट बी'ही दुरुस्त करून देणार. नवा सिनेमा सप्टेंबर २०२०ला येणार होता, करोनामुळे २०२१वर गेला, आणि नोव्हेंबरात डिस्ने प्लसवर आला तो तीन भागांचा, जवळजवळ आठ तासांचा 'गेट बॅक' होऊन. डोळे दिपवणारं काम आहे ते, वाद नाही. त्यात जॉर्ज बँड सोडून जाताना दिसतो. मूळ सिनेमात तो प्रसंग नाहीच! लिंडसे-हॉगला तो सिनेमात ठेवताच आला नव्हता. म्हणजे चाळीसेक वर्षं जो सिनेमा 'भांडणाचा सिनेमा' म्हणून दडवून ठेवला, त्यात मोठं भांडण नव्हतंच. आणि ज्यात ते आहे, तो वाजतगाजत प्रदर्शित झाला. न पाहिलेल्या सिनेमाची बदनामी अशीच होते. बघायला मिळत नाही, म्हणून ऐकीव गोष्टच खरी ठरते. आणि हे सगळं त्या दिग्दर्शकाच्या माथी. त्याने सिनेमा केला तिशीच्या आत, आणि तो पुन्हा लोकांसमोर आला तेव्हा त्याची ८४ वर्षं पुरी झाली होती.

सिनेमा कसा आहे म्हणाल, तर लहानसा आहे, सव्वा तासाच्या थोडा वर. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, कोण कुठे बसलंय हेही कोणी सांगत नाही. पहिला अर्धा भाग मला अजूनही रेंगाळलेला वाटतो. पण शेवटची वीसेक मिनिटं गच्चीवरची! जानेवारीतला बोचरा वारा, जॉनच्या अंगात योकोचा फरचा कोट, रिंगोने बायकोचा लाल रेनकोट चढवलेला. वारा माइकमध्ये घोंघावू नये म्हणून ॲलन पार्सन्स नावाच्या पोरसवदा तंत्रज्ञाला दुकानात पिटाळून बायकांचे पायमोजे आणवले होते, ते माइकवर ओढले. खाली सॅव्हिल रो, उंची सूट शिवणाऱ्यांची गल्ली. कोणी माना वर करून हसतंय, कोणाच्या धंद्याचा खोळंबा झालाय म्हणून तो कावलेला. मग पोलीस वर येतात आणि पॉलच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरतो, तो बघाच. भांडून थकलेल्या माणसांचा चेहरा नाही तो.

बघायचं असेल तर माझं ऐका, आधी जुना बघा, आठ तासांचा नंतर. उलट क्रमाने गेलात तर जुना तोकडा वाटेल. आणि दुरुस्त केलेल्या प्रतीच्या सुरुवातीला जॅक्सन आणि लिंडसे-हॉग यांच्या छोट्याशा गप्पा जोडल्या आहेत, त्या पुढे ढकलू नका. एवढी वर्षं थांबलेल्या माणसाला पाच मिनिटं द्यायला काय हरकत आहे!

नमस्कार.