सुई कुठे पडते

(दृश्य : पत्र्याच्या शेडखाली उभा जुना व्हील लोडर. रंग उडालेला, बकेट जमिनीला टेकलेली.)

हा लोडर बारा वर्षं एका जागी उभा होता. इंजिन लागलं तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं. बकेट वर गेली, खाली आली. रिव्हर्स टाकला, मागे सरकला. फॉरवर्ड टाकला, पुढेही गेला. पण वीस मिनिटं चालवून ढिगात बकेट घातली, आणि इंजिनचा आवाज नुसता चढत गेला. चाकं जागच्या जागी. रिव्हर्सला मात्र गाडी पहिल्यासारखीच ओढते.

अशा वेळी कुणीतरी म्हणतोच, "गिअरबॉक्स गेला. उतरवा खाली."

उतरवायची एवढी घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे. हा दोष गाडी तापल्यावर आणि लोड आल्यावरच दिसतो. बॉक्स खोलून भाग टेबलावर मांडले की तो लोड गेला, ती उष्णता गेली आणि त्यांच्याबरोबर दोषाची खूणही गेली. मग अंदाजाने भाग बदलायचे, परत चढवायचं आणि तोच आवाज पुन्हा ऐकायचा.

(दृश्य : डिपस्टिकवरचं तेल पांढऱ्या कापडावर.)

सुरुवात तेलापासून. पातळी इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये, तेल गरम असताना बघायची. इंजिन बंद असताना कन्व्हर्टर आणि कूलरमधलं तेल खाली उतरतं आणि डिपस्टिक जास्त दाखवते. तेल दुधाळ असतं तर पाणी शिरलं म्हटलं असतं. फेसाळ असतं तर पंप सक्शनच्या, म्हणजे तेल ओढण्याच्या, बाजूने हवा ओढतोय का ते बघितलं असतं. हे तेल काळपट आहे आणि करपल्याचा वास येतोय. फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडल्या. आत बारीक काळी भुकटी, चुंबकाला न चिकटणारी. क्लचच्या प्लेटचं अस्तर झिजतंय, एवढं कळलं. का झिजतंय, ते अजून कळलेलं नाही.

(दृश्य : फिरणारा टॉर्क कन्व्हर्टर, आकृती.)

या गाडीत पायाने दाबायचा क्लच नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 साली त्याचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. इंजिन एक पंखा फिरवतं, पंखा तेल फेकतो, त्या तेलाच्या जोरावर समोरचा पंखा फिरतो. पुढे गिअरबॉक्समध्ये दिशा आणि वेग निवडतात ते क्लच पॅक. एक प्लेट अस्तराची, एक पोलादी, अशी चळत. तेलाचा दाब पिस्टनला ढकलतो, पिस्टन चळत आवळतो आणि गाडी ओढायला लागते. दाब कमी पडला की चळत घसरते, घसरली की जळते.

म्हणून प्रश्न दाबाचा आहे. आणि दाब ओळखायला गेज लागतो, नुसत्या कानाने भागत नाही.

(दृश्य : टेस्ट पोर्टला लावलेला गेज, जवळून.)

या गाडीच्या पुस्तकात क्लचच्या तेलाचा दाब 17 ते 19 बार दिलाय. गार तेलावर न्यूट्रलमध्ये सुई 18 वर. फॉरवर्ड, 18. रिव्हर्स, 18. एवढ्यावर थांबलो असतो तर सगळं ठीक आहे असंच वाटलं असतं. गार तेल घट्ट असतं, फटीतून सावकाश जातं आणि गळती झाकून टाकतं.

आता तेल 80 अंशांच्या वर नेऊ. चाकांना अडणी, समोर-मागे कुणीही उभं नाही. पार्किंग ब्रेक लावलेला, पायाचा ब्रेक दाबलेला. आणि क्लच कट-ऑफचा स्विच बंद. तो विसरला तर ब्रेक दाबताच गिअरबॉक्स आपोआप न्यूट्रल होतो आणि चाचणी फुकट जाते. हा कट-ऑफ व्हॉल्व्ह अडकल्यामुळेही गाड्या ओढत नाहीत आणि बिचारा गिअरबॉक्स विनाकारण खोलला जातो. इथे रिव्हर्स चांगला आहे, म्हणजे तो सुटला.

रिव्हर्समध्ये पूर्ण रेस. इंजिनचे फेरे पुस्तकाएवढेच, सुई 17 वर. न्यूट्रल, दोन मिनिटं गार होऊ द्या.

फॉरवर्ड. पूर्ण रेस. फेरे वर चाललेत. सुई 15... 13... 11. सोडा. तीस सेकंदांच्या वर ही चाचणी ताणायची नाही, तेल प्रमाणाबाहेर तापतं.

(दृश्य : 11 वर थांबलेली सुई.)

पंप, प्रेशर रेग्युलेटर, कन्व्हर्टर, सक्शनचा होस, सगळे दोन्ही दिशांना सामाईक आहेत. ते दोषी असते तर रिव्हर्सलाही सुई पडली असती. दोन क्लचमधला फरक साधारण अर्ध्या बारच्या आत असावा लागतो. इथे सहा बारचा आहे. म्हणजे तेल फॉरवर्डच्याच वाटेवर कुठेतरी निसटतंय. व्हॉल्व्हमध्ये, की पॅकमध्ये?

कंट्रोल व्हॉल्व्ह काढला आणि क्लचच्या छिद्रात हवा सोडली. रिव्हर्सचा पिस्टन "ठक" करून बसला. फॉरवर्डला ठक नाही, नुसता फुस्स आवाज.

आता बॉक्स उतरवू. आता उतरवायला कारण आहे.

(दृश्य : फॉरवर्ड क्लचचा ड्रम, आतून.)

जळालेल्या प्लेट दिसल्याच. एक पोलादी प्लेट निळी पडून वाकलेली. पण इकडे बघा. शाफ्टवरच्या सीलिंग रिंग जिथे घासतात, तिथे ड्रमच्या आतल्या भिंतीवर दोन वर्तुळं कोरली गेलीत. नख फिरवलं तर अडतं. तेल इथून निसटत होतं. नुसत्या प्लेट आणि रिंग बदलल्या असत्या, तर नव्या रिंग याच खाचेत बसल्या असत्या आणि नव्या प्लेटही जळाल्या असत्या. ड्रमला आतून बुश, म्हणजे नवं कडं, बसवून घेतला. पिस्टनचे सील दगडासारखे कडक झाले होते, तेही बदलले.

(दृश्य : तोच लोडर, तोच ढीग, डॅशवर तात्पुरता बांधलेला गेज.)

चाळीस मिनिटं काम झालंय. तेल तापलंय. बकेट ढिगात. फॉरवर्ड.

सुई 17 वर आहे. ढीग सरकतोय.